पिवळा दिवा

अंकासाठी 'प्रवास' या विषयावर लिही, असं आमच्या संपादिकाबाईंनी सांगितलं होतं. मी या वर्षी प्रवास केलाय तो एकच. बेळगाव ते खानापूर आणि परत. तोही एकदा नाही, चार दिवसांत पाच वेळा. खानापुरात काही काम नव्हतं. मोबाइलच्या स्क्रीनवरची एक ओळ 'अपूर्ण'वरून 'पूर्ण' व्हावी, एवढ्यासाठी मी आणि दादा पेट्रोल जाळत होतो. त्याची ही गोष्ट. साहित्याच्या अंकात गाडीच्या सायलेन्सरचं काय काम, असं कुणाला वाटेल. मलाही आधी वाटलं होतं.

पप्पांची गाडी म्हणजे २०१४ सालची पांढरी पेट्रोल हॅचबॅक, केए २२ पासिंगची. रविवारच्या मासला जाणं, मम्मीला फिश मार्केटला नेणं आणि वर्षातून दोनदा चोर्ल्यातून गोव्याला नातेवाइकांकडे जाणं, एवढंच तिचं आयुष्य. गेल्या जुलैत तिचा सायलेन्सर गंजून खालून फुटला. इकडच्या पावसात हे व्हायचंच. गाडी ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली. मेस्त्रींनी फक्त मागचा डबा बदला म्हणून सांगितलं असतं तर तीन-साडेतीन हजारांत काम भागलं असतं. पण दादाने मेस्त्रींना विचारलंच नाही.

दादा आयटीआय करून उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. त्याच्या मित्राने त्याची गाडी विकताना तिचं फ्री-फ्लो एक्झॉस्ट काढून ठेवलं होतं. इंजिनाला जोडणाऱ्या हेडरपासून मागच्या चकचकीत नळीपर्यंत सगळा सेट. आमच्या गाडीला तो तंतोतंत बसत होता. मित्राने तो फुकटात दिला म्हटल्यावर दादाला थांबवणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही थांबवायचं नव्हतं. ती गाडी सुरू झाल्यावर जो जाड, खोल आवाज आला ना, तो ऐकून आम्ही दोघंही हसलो होतो. मम्मी मागच्या दारातून ओरडली, "काय करालासा रे तिथं? शेजारचं बाळ उठलं!"

जुना पाइप दादाने भंगारात घातला. इथे एक गोष्ट आम्हाला कळली नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. आमच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा वेगळा डबा नाही. तो इंजिनाला लागूनच, हेडरच्याच पोटात आहे. म्हणजे हेडर बदलला की तोही गेला. भंगारवाल्याने तो हातात घेऊन वजन बघितलं, आत टॉर्च मारला आणि न मागता साडेचार हजार दिले. लोखंडाच्या एका गंजक्या तुकड्याला साडेचार हजार! दादा खूश. त्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. धूर त्या बारीक छिद्रांतून जाताना त्यातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल यांचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडचा परत साधा नायट्रोजन होतो. हे मी नंतर वाचलं. भंगारवाल्याला ते आधीपासून माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ ट्रॅफिकमध्ये थांबलो असताना तो दिवा लागला. इंजिनच्या आकाराचा, पिवळा. मला मात्र तो कायम नळ बसवलेल्या किटलीसारखा दिसतो. गाडी तर मजेत चालली होती. दादा म्हणाला, "लागूंदे. सेन्सर पिसाळला असणार."

त्याच्या वर्कशॉपमधल्या एका पोराकडे काडेपेटीएवढं यंत्र होतं. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतो, त्यात ते खोचायचं आणि ब्लूटूथवरून मोबाइलला जोडायचं. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्याला जे काही खटकलंय ते कोडमध्ये सांगतो. आमचा कोड आला पी ०४२०. खाली इंग्रजीत एक ओळ. दादाने मोबाइल माझ्याकडे दिला. "तू इंग्लिश-मराठी दोन्ही शिकलीस, वाच बघू काय लिहिलंय."

घरात भाषांतराचं काम नेहमी माझ्याकडेच येतं. बँकेची पत्रं, मम्मीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, आणि आता गाडी. मी वाचलं, "कॅटॅलिस्टची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी." दादा म्हणाला, म्हणजे कॅटॅलिस्ट खराब झालाय. मी म्हटलं, होय, तसंच लिहिलंय. दोघंही गप्प बसलो, आणि मग एकदमच लक्षात आलं, खराब कुठला? तो तर नाहीच आहे! तो साडेचार हजारांना गेला.

दुसऱ्या वर्षाला काव्यशास्त्राच्या पेपरात आम्हाला अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवल्या. शब्दाचा सरळ अर्थ, वळवून घेतलेला अर्थ, सुचवलेला अर्थ. परीक्षेत मी त्यावर चांगले मार्क मिळवले होते. पण कोडची अभिधा वाचून पार्ट बदलणारे मेस्त्री आणि कोड काय सुचवतोय ते शोधणारे मेस्त्री, या दोघांतला फरक मला गाडीखाली झोपल्यावर कळला. कोड कधीच 'अमुक पार्ट गेला' असं म्हणत नाही. मला इथून जे दिसतंय ते मला पटत नाही, एवढंच तो म्हणतो. त्याला तसं का दिसतंय, ते आपण जाऊन बघायचं.

त्याला दिसतं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

धुराच्या वाटेवर दोन ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात. एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. पहिल्याचं काम फार धावपळीचं. पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. धुरात ऑक्सिजन उरला की पहिला सेन्सर ईसीयूला सांगतो, पेट्रोल कमी पडलं. ईसीयू वाढवतो. मग ऑक्सिजन संपतो, सेन्सर म्हणतो, जास्त झालं. ईसीयू कमी करतो. हे सेकंदा-दोन सेकंदांनी अखंड चालू असतं. मोबाइलवर त्याचा आलेख बघितला तर रेषा ०.१ व्होल्ट ते ०.९ व्होल्ट अशी सारखी वर-खाली नाचत असते. दुसरा सेन्सर मात्र निवांत. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो, वापरतो, सगळी चढउतार आतल्या आत पचवतो. त्यामुळे त्याच्या पलीकडे बसलेल्या सेन्सरला काही कळतच नाही. त्याची रेषा ०.६-०.७ च्या आसपास सरळ, दुपारी झोपलेल्या माणसासारखी. दुसरा सेन्सर झोपलाय म्हणजे कन्व्हर्टर काम करतोय. ईसीयू तेवढंच बघतो.

आमच्या गाडीत दुसरी रेषा पहिलीची नक्कल करत होती. ती वर गेली की ही वर, ती खाली की ही खाली, किंचित मागून. मधे कुणी नव्हतंच ना अडवायला. ईसीयूने ते बघितलं आणि दिवा लावला. सेन्सर पिसाळला नव्हता. सेन्सर खरं बोलत होता.

हे कळल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? जुना भाग परत बसवावा. आम्ही नव्या भागाची किंमत विचारली. सव्वीस हजार, वर मजुरी. दादाने फोन ठेवला.

आणि मग युक्ती मी शोधली. हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण घरी अजून सगळे दादालाच दोष देतात. दुसरा सेन्सर पाइपमध्ये जिथे बसतो, तिथे मधे एक पोकळ नळी बसवायची, म्हणजे सेन्सर प्रवाहातून बाहेर ओढला जातो. त्याच्यापर्यंत धूर पोचतो तो थोडा आणि हळू. त्याची रेषा सपाट होते. ईसीयूला वाटतं, सगळं ठीक. याला स्पेसर म्हणतात. मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचून दादाला आकृती काढून दिली. आटे १८ मिलिमीटरचे, पिच दीड. दादाने दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर लेथवर तो बनवून आणला. स्टीलचा, इतका सुबक की मम्मी म्हणाली, मेणबत्ती लावायला बरा आहे. बेळगावच्या कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. बसवला, कोड पुसला, चार दिवस गाडी फिरवली. दिवा लागला नाही.

कॅटेकिझमच्या वर्गात आम्हाला आठवी आज्ञा शिकवली होती, खोट्या साक्षीबद्दलची. आम्ही तर साक्षीदाराला खोटं बोलायलासुद्धा लावलं नव्हतं. फक्त त्याला कोर्टातून बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. हा विनोद मी तेव्हा मैत्रिणींना सांगत असे.

ऑगस्ट ते डिसेंबर सगळं छान गेलं. नाताळच्या आसपास पप्पा म्हणायला लागले, पेट्रोल फार खातेय. आधी लिटरला सोळा द्यायची, आता बारासुद्धा नाही. मागच्या नळीच्या तोंडाशी काजळी धरायची. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटमधून बारीक टक् टक् यायचं आणि पाच मिनिटांत बंद व्हायचं. आणि जानेवारीत किटली परत पेटली. या वेळी पी ०१७१. मिश्रणात पेट्रोल कमी.

पेट्रोल कमी? काजळी धरतेय, मायलेज पडलंय, आणि म्हणे पेट्रोल कमी! आम्ही वायरी बघितल्या. हेडरच्या उष्णतेने एखादी वितळली असेल, असं दादाला वाटत होतं. वायरी ठीक होत्या. एअर फिल्टर बदलला. इंजेक्टर साफ करायचं औषध पेट्रोलमध्ये घातलं. कोड पुसायचा, दोन-तीन दिवसांनी परत यायचा.

त्याच दिवसांत पप्पांनी गाडी विकायचं ठरवलं. माझ्या पुढच्या शिक्षणाचे पैसे उभे करायचे होते. मला बाहेर एम.ए.ला जायचंय, होस्टेल आलं, डिपॉझिट आलं. घेणारी बाहेरची कुणी नव्हती. मम्मीच्या ओळखीच्या, आमच्याच चर्चच्या एक आंटी. त्या नर्स आहेत, खानापूरकडे ड्यूटी, आठवड्यात दोन-तीन रात्रपाळ्या. बसने येणं-जाणं आता जमत नाही म्हणून त्यांना छोटी गाडी हवी होती. रविवारी मासनंतर बघायला येते म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी दिवा लागलेलाच होता. दादा म्हणाला, "आता काय सांगायचं त्यांना?" मी काही बोलले नाही. गाडीत जाऊन बसले, यंत्र खोचलं आणि मोबाइलवरचं बटण दाबलं. ॲप विचारतं, खरंच पुसायचं का. मी होय म्हटलं. दिवा विझला. असा कोड पुसला की तो लगेच येत नाही. ईसीयू एकदा दिसलेल्या दोषावर विश्वास ठेवत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच दिवा लावतो. म्हणजे बघायला आलेल्या माणसाने एक चक्कर मारेपर्यंत आम्ही सुरक्षित. हा हिशोब मला पाठ होता. दादाने मला सांगितलं नव्हतं, पप्पांना तर माहीतच नव्हतं. बटण मी दाबलं.

आंटी आल्या. सोबत त्यांचे ओळखीचे मेस्त्री, साठीचे, शर्टच्या खिशात टॉर्च. दादा त्यांना मामा म्हणत होता. आंटींनी चक्कर मारली, आवाज जरा मोठा आहे म्हणाल्या, बाकी आवडली. दिवा बंद होता. पप्पा चहा सांगायला आत गेले. मामांनी स्वतःचा स्कॅनर काढून सॉकेटमध्ये घातला. मला वाटलं, बघूदेत, कोड पुसलाय.

त्यांनी कोड बघितलेच नाहीत. दुसरं एक पान उघडलं. ईसीयू गाडीच्या एकेका यंत्रणेची स्वतःच परीक्षा घेत असतो, आणि कोड पुसले की त्या परीक्षांचे निकालही पुसले जातात. मग त्या यादीत प्रत्येक ओळीपुढे, परीक्षा पुन्हा होईपर्यंत, 'अपूर्ण' असं दिसत राहतं. आमच्या यादीत कॅटॅलिस्ट अपूर्ण, ऑक्सिजन सेन्सर अपूर्ण, सेन्सरचा हीटर अपूर्ण. मामांनी ते आंटींकडे न बघता, स्क्रीनकडेच बघत सांगितलं, "मेमरी कुणीतरी काल-परवा पुसलीय. गाडी आजारी नसली तर कोण कशाला पुसेल?"

मग ते गाडीखाली वाकले. स्पेसर त्यांना अर्ध्या मिनिटात दिसला. "काम मात्र झकास केलंय," ते दादाला म्हणाले. दादाने मान खाली घातली. पप्पा तोवर चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभे राहिले होते.

आंटींनी दादाला काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाय, तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "पुसलं मीच."

बाकी काही म्हणायला सुचलं नाही. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा घेतला. मामा मात्र बोलत राहिले. म्हणाले, बॉनेट थंड असताना सुरू करा बघू. टक् टक् आलं. "हे ऐकलं? हेडरच्या बुडातनं धूर सुटतोय. त्या वाऱ्याच्या जाळीतनं तो आत सीटवर येणार. काचा बंद करून रात्री घाटात गाडी चालवणार असाल तर बघा बाई, तुमचं तुम्ही."

तेव्हा आंटी बोलल्या. मला उद्देशून नाही, सहज, नर्स बोलते तशा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. माणसाला वाटतं, ड्यूटीने दमलोय. त्यांनी कप खाली ठेवला आणि मम्मीला भेटून गेल्या.

पप्पा त्या दिवशी जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "गाडी विकायची नाही. आधी होती तशी करा. मग बघू." मला ओरडले नाहीत. दादाला दोन शब्द ऐकवले, तेही चुकीच्या माणसाला. मी मधे पडून सांगितलं तर म्हणाले, तू त्याची बाजू घेऊ नको.

पुढचे दोन रविवार आम्ही गाडीखाली काढले. मामांनी पीयूसी काढून आणा म्हणून सांगितलं होतं. आमच्या गाडीच्या वर्गाला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के. आमचा आकडा आला १.३. पीयूसीवाल्या पोराने दोनदा मशीन लावलं आणि म्हणाला, ताई, हे होणार नाही.

गळती शोधायची पद्धतही मामांनीच फोनवर सांगितली. इंजिन गार असताना मागच्या नळीच्या तोंडाला फडकं गुंडाळून उलट्या बाजूने ब्लोअर लावायचा, म्हणजे पाइपमध्ये हवेचा दाब येतो. मग सगळ्या जोडांवर भांड्यांच्या साबणाचं पाणी शिंपडायचं. दादाने वर्कशॉपमधून ब्लोअर आणला, मी बाटलीने पाणी मारत गेले. मागचे जोड कोरडे. मधला जोड कोरडा. हेडर जिथे इंजिनाला बसतो तिथे, चौथ्या सिलिंडरपाशी, बुडबुड्यांचा गजरा फुलला. दादाने जुलैत हेडर बदलताना जुनंच पॅकिंग परत वापरलं होतं. दोनशे-तीनशे रुपये वाचवले होते.

आणि तिथे मला पी ०१७१ चा अर्थ लागला. गळती म्हणजे फक्त धूर बाहेर जातो असं नाही. इंजिनातून धूर सलग येत नाही, ठोक्यांनी येतो. दोन ठोक्यांच्या मधे पाइपमध्ये क्षणभर पोकळी होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पहिला सेन्सर ती बाहेरची हवा बघून ओरडतो, ऑक्सिजन फार झाला, पेट्रोल वाढवा. ईसीयू बिचारा वाढवत जातो. गरज नसताना. म्हणून मायलेज पडलं, म्हणून काजळी, म्हणून १.३. वाढवून वाढवून त्याची हद्द संपली तेव्हा त्याने दिवा लावला. धातू तापून फुगला की फट बुजायची, म्हणून टक् टक् पाच मिनिटांत थांबायचं. सगळी लक्षणं आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही दिवा विझवण्यात इतके गुंतलो होतो की त्यांचा एकमेकांशी संबंध लावलाच नाही.

कंपनीचा हेडर, आत कन्व्हर्टरसकट, शेवटी घ्यावाच लागला. पॅकिंग, दोन नवे नट-बोल्ट, मागचा डबा धरून बत्तीस हजारांवर गेलं. दादाने नवीन बाइकच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पंधरा दिले. मी शेजारच्या पोरांच्या ट्यूशन घेते, त्याचे सात. उरलेले पप्पांनी घातले. म्हणजे माझ्या एम.ए.साठी जी गाडी विकायची होती, तिच्यावरच ते पैसे गेले. आता मी प्रवेश पुढच्या वर्षी घ्यायचा की होस्टेलऐवजी कुणा नातेवाइकांकडे राहायचं, यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

बसवल्यावर मी कोड पुसला. या वेळी पुसणं भागच होतं. पण मग ती यादी परत 'अपूर्ण' झाली. मामा म्हणाले, सगळ्या ओळी पूर्ण झाल्याशिवाय आणू नका, मी बघणार नाही. त्यातली कॅटॅलिस्टची ओळ फार हट्टी. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, मग थोडं जागेवर चालवायचं, मग साठ-सत्तरच्या वेगाने एकसारखं बरीच मिनिटं, मग ब्रेक न दाबता वेग उतरू द्यायचा. बेळगावच्या आत हे कुठं जमणार? म्हणून खानापूर रोड. पहाटे सहाला निघायचं. पिरनवाडी, मच्छे, देसूर मागे टाकलं की रस्ता मोकळा. दादा चालवायचा, मी मांडीवर मोबाइल घेऊन दोन रेषा बघत बसायचे. पहिली रेषा नाचतेय. दुसरी पहिल्या दिवशी थोडी हलत होती, मग सपाट. पूर्वी याच दोन रेषा एकमेकींची नक्कल करायच्या. चार दिवसांत आम्ही फार बोललो नाही. एकदा दादा म्हणाला, "आवाज मात्र तोच भारी होता गे." मी म्हटलं, होय, होता.

पाचव्या फेरीत, परत येताना, देसूरच्या अलीकडे ती ओळ बदलली. मी दादाला दाखवलं नाही, तो गाडी चालवत होता. मीच तिचा फोटो काढून आंटींना पाठवला, सोबत नव्या पीयूसीचा आकडा, ०.०४, आणि स्पेसर, गळती, पुसलेले कोड, सगळं तारखांसकट लिहून. वर लिहिलं, आंटी, गाडी घ्यायचीच असं नाही, पण तुम्हाला हे कळायला हवं.

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या मामांना घेऊन आल्या. मामांनी स्कॅनर लावला, यादी बघितली, मग मला म्हणाले, किल्ली फिरव, पण सुरू करू नको. मी फिरवली. सगळे दिवे लागले, किटलीसुद्धा. ते म्हणाले, हां, बल्ब काढलेला नाही. मी गाडी सुरू केली. किटली विझली. मामा थोडा वेळ बॉनेटवर हात ठेवून ऐकत उभे राहिले, आणि आंटींनी पर्समधून किमतीचा कागद काढला. जुन्या किमतीतून तीन हजार त्यांनी कमी केले होते. पप्पांनी घासाघीस केली नाही.